मांगरात उभी असलेली १९८१ ची मॅटाडोर: गंज काढायला सुरुवात कुठून करू?

कातळावरची

नमस्कार मंडळी.

देवगड तालुक्यात आमच्या घरामागच्या मांगरात (अवजारं-गवत ठेवायच्या खोपीत) बजाज टेम्पोची मॅटाडोर व्हॅन उभी आहे. आरसी बुकावर १९८१. माझे वडील, अण्णा, तिच्यातून बंदरावरची मासळी तळेरे-गगनबावडा रस्त्याने कोल्हापूरला न्यायचे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, लग्नसराईत वऱ्हाड, पण मुख्य माल मासळी. मासळी म्हटली की बर्फ आला, बर्फाचं खारं पाणी आलं, आणि ते पाणी वर्षानुवर्षं फ्लोअरच्या सांध्यांत मुरलं. अण्णा गेल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, गाडी जागची हललेली नाही.

आता ती मला चालती करायची आहे. विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कॅफे तर अजिबात काढायचा नाही (हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण कॅफेवर येतो).

गाडीची हालत सांगते. ड्रायव्हरच्या आणि क्लीनरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, चप्पल घालून उभं राहिलं तर चप्पल खाली जाते. चाकांवरच्या कमानी आतून सडल्यात. दारांच्या खालच्या कडा हाताने मोडतात. टपावरच्या पन्हळीत गंज आहे, पण टप स्वतः चांगला आहे. चेसिस हातोडीने ठोकत गेले. बहुतेक ठिकाणी टण्ण वाजते, मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र भद्द. बाहेरून बघाल तर म्हणाल एवढं काही बिघडलेलं नाही.

मांगर चिऱ्याचा आहे, वर मंगलोरी कौलं, एक बाजू उघडी, खाली माती. हत्यारं म्हणाल तर चार इंची ग्राइंडर, ड्रिल आणि अण्णांचे पाने. वेल्डिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे. मी ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, तेव्हा हात कामाचे आहेत. हाताशी दीड लाखापर्यंत आहेत, वेळ रविवार आणि सुट्ट्यांचा.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, "पत्रा मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंग काढून देतो, चाळीस हजार." काका म्हणतात भंगारात घाल. माझा प्रश्न असा की आख्खी गाडी सँडब्लास्ट (प्रेशरने वाळू मारून गंज-रंग उडवणं) करून घ्यावी का? घरावर घातलेला जीआयचा (जस्त चढवलेला) पत्रा उरलाय, तो फ्लोअरला चालेल का? इंजिन इतकी वर्षं बंद आहे ते कसं उठवायचं? आणि हिला ते व्हिंटेजचं नंबर मिळतं का?

---

तांडेल

गो बाय, आदी सीटीखाली बघ. इतकी वर्सां बंद गाडी म्हणजे आत उंदीर, आणि उंदराच्या पाठसून फुरसा. हात घालूच्या आदी काठी घाल, बॅटरी मार, पायात गमबूट घाल. ह्या मस्करीत नाय सांगणय.

भंगारात घाल म्हणतत तेंका सांग, आदी तुमच्या दारातली घाला, मगे बगू.

---

हातोडी-डॉली

वरचे तांडेल बरोबर बोलतायत, ते आधी करा.

ताई, मी आकुर्डी-भोसरी पट्ट्यात पत्र्याचं काम करून आता घरी बसलोय. मॅटाडोरचा कारखाना आमच्या आकुर्डीचा, त्यामुळे ही गाडी हाताखालून भरपूर गेली. मूळची जर्मन, हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची. इंजिन पुढे आणि चाकंही पुढचीच ओढतात. मागे प्रॉपेलर शाफ्ट नाही, म्हणून माल ठेवायची जागा खाली, जमिनीजवळ. मासळीवाल्यांना, दूधवाल्यांना ती आवडायची ती यासाठीच, टोपली छातीपर्यंत उचलावी लागत नाही. पण फ्लोअर खाली म्हणजे रस्त्याचा चिखल जवळ, आणि तुमच्या बाबतीत वरून मिठाचं पाणी. दोन्हीकडून मार.

तुमच्या प्रश्नांमध्ये मीठ हा शब्द एकदाही नाही. सगळे गंजावर बोलतात. गंज दिसतो, घासला की जातो. मीठ गंजाच्या खड्ड्यांत तळाशी बसतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. वरून कितीही महागडा प्रायमर मारा, दोन पावसाळ्यांत खालून फोड येणार. चाळीस हजारवाल्याने तुम्हाला जे सांगितलं ते गंज झाकायचे पैसे आहेत. त्याची चूक नाही, गिऱ्हाईक तेवढंच मागतं.

तेव्हा पहिलं काम धुणं. पण त्याच्याही आधी गाडी मातीवरून उचला. मातीतून रात्रंदिवस ओल वर येते आणि थेट फ्लोअरला लागते. चार चाकांखाली आणि मधे कामाच्या जागेत जाड प्लास्टिक अंथरून त्यावर चार इंच काँक्रीट टाका. पैसे कमी असतील तर प्लास्टिकवर कडप्पे टाकले तरी भागेल. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, लोखंडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) ठेवायची. ही बचत करायची जागा नाही.

मग फ्लोअरचे सांधे, चेसिसच्या पोकळ पट्ट्या, दारांचे पोट, कमानींची आतली बाजू, सगळीकडे प्रेशरने गोडं पाणी. गोडं म्हणजे खरंच गोडं. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने मीठ धुवायचं म्हणजे आणखी घालायचं. पावसाळा तोंडावर आहे, पहिले दोन-तीन पाऊस कौलं धुऊन जाऊ द्या आणि मग पागोळ्यांचं पाणी पिंपात भरा. फुकट आहे आणि याच्याइतकं चांगलं दुसरं नाही.

तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून सांगतो, आमच्याकडे एक इंजिनियर हे करायचा. धुतल्यावर सांध्यातून निथळलेलं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. दूध झालं तर मीठ आहे. शेजारी डिस्टिल्ड वॉटरची बाटली ठेवायची, म्हणजे डोळा फसत नाही. पाणी निवळ राहीपर्यंत धूत राहायचं. धुतल्यानंतर उघड्या पत्र्यावर पिवळी झाक येणार. येऊ दे. ती झाक खरवडून काढता येते.

जीआयचा पत्रा नको. वेल्डिंगला बसलात की जस्त जळून पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय शिवणीत बुडबुडे राहतात. फ्लोअरला १८ गेज म्हणजे १.२ मिमीचा सीआरसीए (जस्त नसलेला, थंड लाटलेला) पत्रा आणा, बाहेरच्या बॉडीला २० गेज. कणकवली-कुडाळला फॅब्रिकेशनवाल्यांकडे मिळेल.

काम करायचा क्रम खालून वर. आधी चेसिसचा तो भद्द वाजणारा कोपरा, मग फ्लोअर, मग कमानी, मग दारं. रंग सगळ्यात शेवटी, आणि रंगाचं स्वप्न तोपर्यंत बघायचं नाही. दारं उतरवून ठेवायची चूक नवशिका हमखास करतो. फ्लोअर कापताना दारं लावलेलीच हवीत, कारण दाराची फट हीच तुमची मोजपट्टी. कापायच्या आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, भिंतीवर खडूने लिहा, आणि चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाचून ठेवा. नाहीतर फ्लोअर कापल्यावर बॉडी चार-पाच मिलिमीटर बसते, तुम्ही नवा पत्रा तसाच वेल्ड करता, आणि मग दार आयुष्यभर आपटून लावावं लागतं.

सडलेला पत्रा कापताना कंजुषी नको. खिळा टोचून बघा, टोचला जातो तिथून आणखी दोन बोटं पुढे, जिथे पत्रा चमकतो तिथे कापा. सडक्या कडेला नवा पत्रा धरत नाही, नुसती भोकं मोठी होत जातात.

---

बुलेटराव साताऱ्याचे

मी माझ्या ७६ च्या बुलेटची चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोट मारून घेतली. एक नंबर काम. घासत बसण्यात वर्ष जाईल. आख्खी गाडी क्रेनने उचला, एमआयडीसीत न्या, एका दिवसात कोरा पत्रा हातात.

---

हातोडी-डॉली

बुलेटची चेसिस म्हणजे जाड पाइप. मॅटाडोरची बाजू म्हणजे एक मिलिमीटरचा सपाट पत्रा, हातभर रुंद. त्यावर प्रेशरने कण मारले की एका बाजूने पत्रा ताणतो आणि पापडासारखा फुगतो. तो परत सपाट करायला माझ्यासारखा माणूस शोधावा लागेल आणि तो पुन्हा लांबीच फासणार. पुढचा दर्शनी पत्रा, दारं, बाजू, टप, यांना ब्लास्टिंग नाही. चाकाच्या रिम, सस्पेन्शनचे आर्म, क्रॉस मेंबर हे सुटे करून खुशाल द्या. तेही नदीची वाळू वापरणाऱ्याकडे नको. त्या धुळीने फुप्फुसं जातात, त्याची आणि तुमचीही. गार्नेट किंवा कॉपर स्लॅगवाला बघा.

आणि एक. ब्लास्ट केलेला पत्रा उघडा असतो. साताऱ्यात संध्याकाळपर्यंत टिकेल, देवगडात जेवून येईस्तोवर तांबूस होतो. प्रायमर घेऊनच जायचं.

बाजूंना घरीच करा: ग्राइंडरला वायर कप, मग फ्लॅप डिस्क, खड्ड्यांत फॉस्फरिक ॲसिडचं कन्व्हर्टर (उरलेला गंज काळा करून थांबवणारं). खपल्या असलेल्या गंजावर कन्व्हर्टर टाकून उपयोग नाही, वरचा थर काळा होतो आणि खाली तसाच राहतो. बिजागऱ्या, लॅच, छोटे ब्रॅकेट यांना इलेक्ट्रोलिसिस उत्तम, ते ताईंना मी काय सांगणार.

---

कातळावरची

काका, इलेक्ट्रोलिसिस सुरूही केलं. प्लास्टिकचा टब, धुण्याचा सोडा, अण्णांचा जुना बारा व्होल्टचा चार्जर. वस्तू निगेटिव्हला, पॉझिटिव्हला सळईचा तुकडा. स्टेनलेसचा चमचा लावायचा मोह इथे कुणाला झाला तर लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून टब मांगराच्या उघड्या बाजूला ठेवलाय. मागच्या दाराची बिजागरी आतून इतकी सुरेख निघाली की तिच्यावरचा कास्टिंग नंबरसुद्धा वाचता आला.

---

डिझेलवास

इंजिनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कोल्हापूरला आमच्या घरी दोन मॅटाडोर होत्या, एक अजून आहे.

आधी इंजिन कोणतं ते ब्लॉकवरचा नंबर बघून ठरवा. नंतरच्या मॅटाडोरना मर्सिडीजचं ओएम ६१६ आलं, चार सिलिंडर, २.४ लिटर. बऱ्याच लोकांनी जुन्या गाडीतही तेच बसवून घेतलं. ते असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीलाही तेच कुळ चाललं आणि फिल्टर, हीटर प्लग, गॅस्केट किट अजून दुकानात मिळतं.

चावी फिरवायची नाही. बॅटरीसुद्धा इतक्यात जोडू नका. टाकी उतरवा (वेल्डिंगसाठी तशीही उतरवावी लागणारच), जुनं डिझेल काढून टाका, ते आता डिंकासारखं झालेलं असेल. चारही हीटर प्लग काढा, भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा, जोर न करता. थोडं पुढे, थोडं मागे. दोन फेरे पूर्ण मोकळे फिरले की मग बाकीचं. अडकलं तर स्टार्टर मारून सोडवायचा विचार करू नका, टायमिंग चेन आहे तिथे.

तेल, फिल्टर बदला. डिझेलचा पंप मात्र उतरवून पंपवाल्याकडे द्या. पडून राहिलेल्या पंपाची रॅक (डिझेल किती सुटेल ते ठरवणारी दांडी) चिकटते, आणि चिकटलेल्या जागी जर भरपूर डिझेल सुटत असेल तर इंजिन सुरू होताच भन्नाट पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. पहिल्यांदा सुरू करताना एक जण हवेच्या पाइपाच्या तोंडाशी फळी घेऊन उभा हवा. पळालं की फळी दाबून हवा बंद. हात लावायचा नाही, ओढून घेतं.

आणि ब्रेक. इंजिन सुरू झालं की सगळे आनंदात गाडी अंगणात फिरवतात. व्हील सिलिंडर अडकलेले असतात, रबरं फुगलेली असतात. आधी ब्रेक, मग चाक हलवणं.

इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, केबिनमध्येच आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्या झाकणावर बसून गगनबावडा उतरलेली माणसं आमच्याकडे अजून आहेत, थंडीत त्या जागेसाठी भांडण व्हायचं. त्याच्याखालचा फेल्ट नवा घालाल तर रबर-फोम घालू नका, तेल पितो आणि पेटतो.

---

नियमावलीवाचक

व्हिंटेजबद्दल. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. तुमची १९८१ ची, म्हणजे २०३१ पर्यंत तो विषय बंद. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नोंदणी दहा वर्षांची. आणि तो नंबर मिळाला तरी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. वरचे डिझेलवास म्हणतात तसं इंजिन बदललेलं असेल तर तिथे अडचण.

तुम्हाला गाडी चालवायचीच आहे ना? मग व्हिंटेजच्या मागे न लागता साधी नोंदणी जिवंत करा. मला जे प्रश्न दिसतात ते असे. आरसी अण्णांच्या नावावर आहे, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागेल. बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. त्या काळी मालवाहू किंवा प्रवासी म्हणून पासिंग असेल तर गाडी ट्रान्सपोर्ट प्रकारात आहे, खाजगीत आणावी लागेल. गाडी बंद असल्याचं आरटीओला कधी लेखी कळवलं होतं का? नसेल तर मागचा कर निघू शकतो. आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, हे सगळ्यात आधी. जुळत नसेल तर कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी त्या इंजिनाचं खरेदीचं बिल.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. तुमच्या गाडीची नोंदणी रत्नागिरीची असणार, पाटीवर एम पासूनचा तीन अक्षरी नंबर. असा नंबर बहुधा संगणकावर चढलेला नसतो. मूळ पुस्तक घेऊन कार्यालयात जाऊन आधी तेवढी एंट्री करून घ्या, नाहीतर पोर्टलवर पुढचं काहीच उघडत नाही. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, ती दीड लाखात धरा.

माझं म्हणणं, ग्राइंडर हातात घेण्याआधी हे पुस्तक उघडा. कागद उभे राहत नसतील तर तुम्ही मांगरात एक सुंदर शोभेची वस्तू तयार कराल.

---

बुलेटराव साताऱ्याचे

+१. माझ्या बुलेटला पत्र्यापेक्षा कागदांनी जास्त रडवलं.

---

कातळावरची

सगळ्यांचे आभार. गणपतीआधी जमेल तेवढं केलं, आता लिहिते.

आरसी बुक आईच्या लुगड्यांच्या पेटीत सापडलं. नोंदणी रत्नागिरीचीच. बोजा होता, पण तो फिटल्याचा शिक्का आत आहे. इंजिन नंबर जुळत नाही! बदललेलं आहे, ओएम ६१६ च निघालं. सुदैवाने अण्णा एसटीच्या तिकिटासकट सगळं जपणारे, इंजिन घेतल्याची पावती गाडीच्या कागदांच्या पिशवीत होती, कोल्हापूरच्या दुकानाची. ती घेऊन ओरोसला आरटीओत जाऊन आले. काम होईल म्हणाले, वेळ लागेल.

मीठ. पागोळ्यांचं पाणी आणि भाड्याचा प्रेशर वॉशर. पहिल्या निथळीत सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर अक्षरशः ताक. पुढे पुढे कमी होत गेलं, पुढच्या फ्लोअरचं पाणी आता डिस्टिल्डच्या बरोबरीने निवळ आहे. फक्त मागचा डावा कोपरा, तोच भद्द वाजणारा, अजून पांढरट देतोय. काहीही करा, तिथून येतच राहतं.

आणि फ्लोअर उघडताना एक वेगळीच गोष्ट दिसली. मागच्या भागात मूळ लोखंडी पत्र्यावर थर्माकोल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिबेट मारून बसवलाय, मासळीसाठी. ॲल्युमिनियमची खालची बाजू पांढऱ्या पिठासारखी झालीय, रिबेटभोवती भोकं, आणि थर्माकोल स्पंजसारखं भरलेलं. मला यातली रसायनं कळतात: खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. मग लोखंड वाचायला हवं होतं, तेही का सडलं?

आणि ते डाव्या कोपऱ्याचं काय करू?

---

हातोडी-डॉली

ॲल्युमिनियम वाचवतं ते त्याला चिकटलेल्या जागेपुरतं. तुमच्याकडे मधे थर्माकोल. पत्रे भिडलेत ते फक्त रिबेटपाशी, बाकी सगळीकडे ओलं थर्माकोल लोखंडावर दाबून बसलेलं. पाणी आत शिरायला वाट, बाहेर पडायला नाही. त्या काळात सगळ्या मासळीच्या गाड्या अशाच बनवत, माल गार राहायला हवा होता, गाडी पाच वर्षांनी विकायची असायची. आता तुम्ही मासळी नेणार नाही तर परत बसवू नका. उघडा फ्लोअर, वर एपॉक्सी, वर उचलता येईल अशी रबरी मॅट. आणि फ्लोअरची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, ती मागच्या कोणीतरी डांबराने बुजवलेली असतील, बघा.

डावा कोपरा बाहेरून धुऊन निघायचा नाही. ती पट्टी पेटीसारखी बंद आहे. आत खपल्यांचा ढीग असेल, त्यात मीठ भरलेलं, पाणी वरून वाहून जातं. खालची बंद करणारी पट्टी ग्राइंडरने उघडा, हात जाईल एवढी. खपल्या काढा, वायर ब्रश, धुवा, तुमची बाटली करा. किती पत्रा उरलाय ते तेव्हाच कळेल. जाडी अर्ध्याहून कमी असेल तर तेवढा तुकडा बदलायचा, वर पट्टी चढवून झाकायचा नाही.

ते काम मात्र तुमच्या शिकाऊ वेल्डिंगने नको. चेसिसला चांगला वेल्डर बोलवा, एका दिवसाचं काम आहे. तुम्ही फ्लोअरवर शिका.

शिकताना: मिग मशीन (वायर आपोआप पुढे येणारं वेल्डिंग), ०.८ ची वायर, सीओटू. उघडी बाजू ताडपत्रीने बंद करा, वारा गॅस उडवून नेतो आणि शिवण जाळीसारखी होते. गावात लाइटचं व्होल्टेज पडतं, तेव्हा शेजारच्या पंपाची वेळ सोडून बसा. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढलेल्या हव्यात. पाण्याची बादली, ओलं गोणपाट, आणि वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहायचं, पोकळीत उंदराचं घरटं असलं तर ते उशिरा पेट घेतं.

लांब शिवण एका दमात ओढू नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, मग मधे, पत्रा गार होऊ देत. पत्र्यावर पत्रा येतो तिथे वरच्याला ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडून त्या भोकातून खालच्याला धरायचं. दोघांमधे झिंक प्रायमर, नाहीतर नव्या सांध्यात पुन्हा तेच. आणि आत जाणाऱ्या बाजूला सीम सीलर.

---

तांडेल

आमी होडयेक काजीच्या टरफलाचा तेल लावतो. सात समुद्राचो खारो वारो खाता पण लाकूड तसाच. फ्लोअराखाली लाव की.

---

हातोडी-डॉली

तांडेल, लाकडाचं ठीक. पण ते तेल मारलं की त्यावर नंतर कुठलाच रंग धरत नाही, आणि वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर डोळ्यात. कातडीही भाजते. सगळं काम संपल्यावर, बंद पोकळ्यांत, मेणाचं कॅव्हिटी वॅक्स फवारायचं. तेव्हा तुमच्या तेलाशी माझं भांडण नाही, फक्त ताईंनी हातमोजे घालावेत.

---

कातळावरची

वेल्डर मिळाला, जामसंड्याचा, दिवाळीनंतर येतो म्हणाला. शेवटची शंका. पुढचे दोन्ही पायाखालचे पत्रे एकदमच कापून घेऊ का? ग्राइंडर हातात असतानाच होऊन जाईल. आणि रंग घरी मारू शकते का? कॉम्प्रेसर शेजाऱ्यांकडे आहे.

---

हातोडी-डॉली

नाही. एका वेळी एक बाजू. डावी कापा, नवा पत्रा टाचा, दार लावून बघा, भिंतीवरचे कर्ण पुन्हा मोजा, जुळले की पूर्ण वेल्ड करा, आणि मगच उजवीकडे. उजवी बाजू उभी आहे तोवर डाव्या बाजूचा नमुना तुमच्याकडे आहे, उलटा करून जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. मॅटाडोरचा तयार फ्लोअर दुकानात मिळत नाही.

चिमटे भरपूर घ्या, लॉक होणारे. आठ-दहा लागतातच, शेजाऱ्यांकडे मागितले तर परत मागायला येतात ऐन वेल्डिंगच्या वेळी.

रंगाचं: एपॉक्सी प्रायमर घरी, जानेवारीत, कोरड्या दुपारी, पत्रा हाताला कोमट लागत असताना. सकाळी दंव असतं तेव्हा नाही. त्यावर लांबी, तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्कने भागत नाही, आणि मांगराला लागून तुमचं स्वयंपाकघर आहे असं फोटोत दिसतंय. तेवढं रंगाच्या बूथवाल्याला द्या, नाहीतर साधा सिंथेटिक इनॅमल मारा. मॅटाडोरला तोच शोभतो.

डावीचे फोटो टाका कापल्यावर. वेल्ड करण्याआधी टाका, नंतर नको.